एक विडी ओढून होईपर्यंत

सुई बोटात गेली ती चैतीला आधी ऐकू आली, दुखली मागाहून. कच्, एवढाच आवाज. जाड कापडात जाते तशी सुई नखाच्या कडेनं आत गेली आणि वर आली, आणि खाकी कापडाच्या शिवणीवर एक लाल टिंब उमटलं. पाय पायडलवर तसाच. समोरच्या बाकावर मांडी घालून बसलेली शिरीन मोठ्यानं वाचत होती, कारण बाईंनी सांगितलं होतं की पुस्तक घरी मोठ्यानं वाचायचं आणि घरातल्या थोरांना प्रश्न विचारायचे. शिरीनच्या दृष्टीनं हे दुकान म्हणजेच घर. जव्हारच्या बाजारातलं तिच्या आजोबांचं, युसुफचाचांचं शिलाईचं दुकान, आणि त्यात बावीस वर्षं मशीनवर बसलेली चैती म्हणजे घरातली थोर. शिरीननं वाचलेलं वाक्य असं होतं: "मुलीनं पहिला घास खाल्ला आणि सगळे तिच्या गळ्याकडे बघत राहिले."

"हाय अल्ला, रक्त!" शिरीनची आजी मैमुनाखाला काजं करता करता उठल्या. "चैती, ध्यान कुठं आहे तुझं? हळद लाव. शिरीन, हळद आण आतून."

"पुढं वाच," चैती म्हणाली.

"अगं बोट—"

"खाला, बोट माझं आहे. शिरीन, पुढं वाच."

शिरीननं एकदा आजीकडे, एकदा बोटाकडे पाहिलं आणि वाचलं. "घसा धरला नाही. ती हसली आणि म्हणाली, खा, कंद चांगला झालाय. त्या दिवशी त्या झोपडीतली चूल त्या एका घासानं पेटती राहिली."

खोटं. चैतीच्या मनात हा शब्द असा उभा राहिला की जणू तिथं कधीपासून बसलेलं कुणी नुसतं उठलं. घसा धरला होता.

पण हे पुस्तकाला कुठून कळणार? ते शिरीनच्या हातातलं पुस्तक, वर एका पाठमोऱ्या मुलीचं चित्र, डोक्यावर इरलं. गोष्ट खूप वर्षांपूर्वीची, असं पहिल्याच पानावर लिहिलेलं. डोंगरातल्या एका पाड्यावर एका पावसाळ्यात लहान मुलं मरत गेली आणि काही मुलं जगली, त्या जगलेल्यांची. खूप वर्षांपूर्वीची! चैती चाळीस वर्षांची होती. आपण ज्यात जगतो आहोत त्याला कुणी इतिहास म्हणावं याचं तिला हसू आलं असतं, पण हसू येण्याची जागा त्या वेळी दुसऱ्याच गोष्टीनं अडवली होती. पुस्तकातल्या मुलीचं नाव सोनी होतं. तिचा बाप लांब आवणीला, भाताच्या लावणीला, गेलेला होता, आई तापानं पडलेली, एक धाकटा भाऊ, एक त्याहून धाकटी बहीण. हे कुणाच्याही घरचं असू शकतं. त्या साली प्रत्येक घर असंच होतं. पण ओहळातल्या टोपलीवर ठेवलेला पांढरा दगड, मधोमध काळी रेघ असलेला, तो कुणाच्याही घरचा नव्हता.

"चैतीखाला, कंदात खरंच विष असतं?"

"कडूकंदात असतं. पण काढता येतं."

"कसं?"

चैतीनं सांगितलं. कंद उकरायचा, चिरायचा, राख घालून उकळायचा. मग टोपलीत भरून वाहत्या पाण्यात ठेवायचा, वर दगड ठेवायचा, एक दिवस, एक रात्र, कधी जास्तही. पाणी विष नेतं. ती सांगत होती आणि तिच्या लक्षात येत होतं की हे ती आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगते आहे, आणि हात त्या चकत्या चिरत असल्यासारखे हलताहेत.

"आणि गेलं की नाही हे कळतं कसं?"

"एक जण खातं. बाकीचे थांबतात."

"किती वेळ?"

"एक विडी ओढून होईपर्यंत."

शिरीनला हे फार आवडलं. तिनं वहीत लिहून घेतलं. मग पेन्सिल ओठांवर ठेवून म्हणाली, "आणि विष गेलंच नसेल तर?"

"घसा धरतो. आत खाज सुटते, जिथं बोट पोचत नाही तिथं. मग टोपली परत ओहळात."

"आधी कोण खातं?"

"घरातली थोरली बाई."

"पण ही तर सात वर्षांची आहे. माझ्याहून लहान!" शिरीन दहा वर्षांची होती आणि लहान या शब्दावर तिचा आवाज वर गेला. यात नुसतं आश्चर्य होतं, कीव अजिबात नव्हती. डोंगरावरून उडी मारणाऱ्या माणसाबद्दल पोरं बोलतात तसं.

मैमुनाखालांनी स्वतःच आणलेल्या हळदीचं बोट चैतीच्या बोटावर दाबून धरलं आणि बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "त्या साली मी नवी नवरी होते या घरात. आम्ही बायका दवाखान्यात दूध घेऊन जायचो. मला वाटायचं, भुकेलं मूल रडत असेल. एक नाही रडलं. दूध तोंडाशी नेलं की मान फिरवायची, हळूच, म्हाताऱ्या माणसासारखी. रडायला सुद्धा काहीतरी खाल्लेलं लागतं, तेव्हा कळलं मला." मग त्यांनी आवाज बदलला. "शिरीन, पुरे आता. पाणी भर."

शिरीन गेली. चैतीनं ती रक्ताचं टिंब पडलेली चड्डी उचलली, आणि तिच्याबरोबरचा शर्ट. आश्रमशाळेच्या पहिलीतल्या पोरांचं सगळ्यात लहान माप. असे हजारो तिनं शिवले होते. पण आज तिनं तो शर्ट दोन्ही हातांनी खांद्याशी धरून उजेडात उभा केला, आणि त्याच्याकडे बघतच राहिली. एवढे खांदे. दोन बोटांत मावतील एवढ्या बाह्या. सात वर्षांचं माणूस एवढं असतं. हे एवढं माणूस पावसात कमरेइतक्या ओहळात उतरलं होतं आणि पाण्यानं जड झालेली टोपली ओढत घरी आलं होतं. ते आपणच होतो यावर विश्वास बसेना. ती त्या रिकाम्या शर्टाकडे देवळात बघावं तशी बघत होती, आणि त्याच एवढ्याशा माणसानं एक खून केला होता.

हाच शब्द. तेहेतीस वर्षं मनात हाच. तोंडातून मात्र एकदाही नाही.

आता ते सांगायला हवं, आणि ते सरळ सांगता येत नाही, ते दर वेळी वेगळ्या बाजूनं सुरू होतं. पाऊस होता. नाही, पाऊस तर आठ दिवस होताच. बाप, ढवळू त्याचं नाव, वाडा तालुक्याकडे आवणीला गेलेला, पाड्यावरचे सगळे धडधाकट लोक गेलेले. आई गेली नाही, कारण अंगात ताप आणि मांडीवर धाकली. तिला सगळे धाकलीच म्हणत, दीड वर्षांची, वेगळं नाव ठेवायचं राहून गेलेलं. घरातली नागली, म्हणजे नाचणी, संपली होती. रानातली कोळूची भाजी मिठाशिवाय खाऊन रघ्याचं पोट फुगलं होतं, चार वर्षांचा रघ्या कुडाच्या भिंतीची माती चाटत बसायचा. आईनं कंद चिरून उकळून दिला, चैतीनं तो ओहळात नेऊन ठेवला, वर तो काळ्या रेघेचा पांढरा दगड ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो आणला. एक दिवस, एक रात्र झाली होती की नाही? इथंच ते प्रत्येक वेळी अडतं. ढगांमुळे दिवस कधी उगवला ते कळत नव्हतं. पाणी मात्र जोरात होतं, आणि जोराच्या पाण्यात कंद लवकर उतरतो असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. सात वर्षांच्या मुलीनं स्वतःला सांगितलेली ती पहिली सबब असावी.

पुन्हा. टोपली घरात. चूल पेटलेली. आई कुडाला टेकून, पदर पुढं ओढून, पदराखाली धाकली. आई म्हणाली, "तू खा आधी, माझ्या तोंडाला चव नाय." चैती चुलीसमोर बसली. पहिला घास. मऊ होता, गरम होता. गरम काही पोटात जातंय याचंच तिला एवढं नवल वाटलं की चव कळलीच नाही. मग थांबायचं. पण बाप नव्हता, विडी ओढणारं घरात कुणीच नव्हतं, आणि किती थांबायचं हे मोजायला दुसरं काही तिला ठाऊक नव्हतं. ती थांबली. रघ्या चाटायचा थांबला. मग घसा धरला. एक बारीक केस अडकावा तसा, आत, खोल. तिनं गिळलं. परत गिळलं. रघ्याचे डोळे. ती हसली आणि म्हणाली, "चांगला झालाय." रघ्याला दिला, आईला दिला, आणि मग एक तुकडा बोटांनी चेचून आईच्या पदराखाली हात घालून धाकलीच्या ओठांना लावला. ओठ गार होते. सगळंच गार होतं त्या दिवसांत. घास तिच्या बोटांतून गेला.

थोड्या वेळानं सगळे ओकले. दुपारी आई म्हणाली, "धाकली गेली."

नंतर गाड्या आल्या. एवढ्या गाड्या चैतीनं पाहिल्या नव्हत्या. चिखलात रुतलेल्या, लोक त्या ढकलताहेत, आणि पांढऱ्या कपड्यातला एक माणूस रघ्याला तराजूला टांगतोय. कुणीतरी आईला विचारलं, "मुलगी कशानं गेली?" आई म्हणाली, "ताप होता." चैती कुडामागं उभी होती. आईला ठाऊक नाही, असं तिला वाटलं. तेव्हापासून ठाऊक असलेली ती एकटी. ती मोठी झाली, जव्हारला आली, लग्न झालं, मुलगी झाली. सुनिताच्या उष्टावणाला, पहिला घास भरवायच्या वेळी, चैतीनं वाटी सासूकडे दिली आणि म्हणाली, माझे हात शिवणाच्या तेलाचे आहेत. नंतरही कधी भरवलं नाही. सुनिता आता नाशिकला नर्सिंग शिकते, आणि गमतीनं सगळ्यांना सांगते, माझी आई मला कपडे शिवून देते, जेवायला मात्र मीच शिकले. लोक हसतात. चैतीही हसते.

आणि आता पुस्तक. घसा धरला नाही, असं पुस्तक म्हणत होतं. हे पुस्तकाला सांगणारं एकच माणूस शिल्लक होतं, आई.

रविवारी सकाळी ती रघ्याच्या जीपमध्ये पुढं बसली. रघ्या आता सदतीस वर्षांचा, पोट सुटलेला, वावर गावच्या रस्त्यावर जीप मारणारा, आणि सगळ्या रस्त्याला नावानं हाक मारणारा. मागं चौदा माणसं, दोन कोंबड्या, टपावर सिमेंटच्या गोणी.

"आज काय गं, सणबिण नाय, नि माहेर?" तो म्हणाला. "का दाजींनी हाकलली?"

"गप गाडी चालव."

"गाडी गप चालत नाय, तिचा आवाज ऐकतेस ना. मागची मावशी, पाय आत घ्या, तुमचा पाय गेला तर मला भरून द्यावा लागेल!" मागून कुणीतरी मावशी म्हणाली, "तुझ्या पोटाला जागा केली तर सगळ्यांचे पाय आत येतील." जीपभर हशा झाला. रघ्या सगळ्यात मोठ्यानं हसला, स्टिअरिंगवर पोट हललं, आणि चैती त्या पोटाकडे बघत राहिली. तराजूला टांगलेलं ते एवढंसं. ती त्याला सांगू शकत होती, तुला मी विष दिलं होतं, जाणून. काय झालं असतं? तो हसला असता आणि म्हणाला असता, पचला ना. बाहेर भात कापून झालेली खाचरं सुकून पिवळी पडली होती, उतारावरच्या नागलीची नुसती खुंटं राहिली होती, आणि थंडीतल्या उन्हात सगळे डोंगर जणू नुकतेच कुणी पुसून ठेवले होते. एवढी माणसं, ती मनात म्हणाली. मागच्या चौदांतले किती त्या साली होते? वयानं बघितलं तर सहा-सात तरी. कोंबड्या सांभाळत, पाय आत घेत, हसत बसलेले. त्यातल्या प्रत्येकाला कुणीतरी कसलातरी पहिला घास दिला असणार. तिला एकदम जीपमध्ये उभं राहून त्या सगळ्यांकडे नीट बघावंसं वाटलं.

"आये घरीच असेल ना?" तिनं विचारलं.

"कुठं जाते आता. नागली पाखडत असेल. कान गेलाय तिचा, मोठ्यानं बोल. आणि बोलताना पुढं बस, डोळ्यानं ऐकते ती."

आई, कोंडी, अंगणात होती. सूप वर जाई, खाली येई, भुसा उडे, बारीक लाल दाणे सुपाच्या तळाशी सळसळत. तिनं चैतीला पाहिलं, सूप थांबवलं नाही. "आलीस? चाय चुलीवर हाय. कोरी."

चैती पुढ्यात बसली. रघ्या जीप वळवायला गेला होता. तिनं चहा घेतला नाही. तिनं विचारायचं ठरवलेलं सगळं बाजूला पडलं आणि तोंडातून भलतंच निघालं. "आये, दोन वर्षांमागं ती लिहिणारी बाई आली होती, तिला तू काय सांगितलंस?"

"कोण, ती चष्म्याची? चांगली होती. दोन भाकरी खाल्ल्या." सूप. "पोरांसाठी गोष्ट लिहिते म्हणाली. मी सांगितला, माझी पोर सात वर्षांची, तिनं पहिला घास खाल्ला नि आम्ही जगलो. लिही म्हटला."

"घसा धरला नाही, हे तू सांगितलंस?"

"हां."

"धरला होता, आये."

सूप हवेतच राहिलं. थोडे दाणे कडेवरून सांडले आणि दोन कोंबडीची पिल्लं धावत आली. कोंडी मुलीच्या तोंडाकडे बघत होती, डोळ्यानं ऐकत. मग तिनं सूप खाली ठेवलं.

"मला ठावा हाय."

"काय ठावं आहे?"

"तू गिळलंस. मग परत गिळलंस. तुझा गळा एवढासा, त्यात सगळा दिसायचा. बघत होते ना मी."

चैती पुढं सरकली. "मग तू थांबवलं का नाहीस?"

"थांबवून काय वाढणार होते? दगड?" कोंडी चिडून नाही, जुन्या हिशोबीपणानं बोलली. "कंदानं माणूस ओकतो. रित्या पोटी माणूस ओकत पण नाय. ओकला तरी जरा पोटात राहतो, तेवढा बस होता. मीच म्हणणार होते चांगला झालाय. तू म्हणालीस."

"मी धाकलीलाही दिला." हे सांगायला तेहेतीस वर्षं लागली होती, आणि ते अगदी बारीक आवाजात निघालं. आईला ते ऐकू जाणार नाही असं वाटून ती पुन्हा म्हणाली, ओठ मोठे करून, "धाकलीला मी दिला, आये. ती त्यानंच गेली."

कोंडीनं मान हलवली. नाही. मग पुन्हा हलवली, जोरात, जणू माशी हाकलते आहे. तिचा हात पुढं आला, चैतीच्या गुडघ्यावर पडला. "हे घेऊन बसलीस तू? एवढी वर्षं?"

"माझ्या हातानं गेला घास तिच्या तोंडात."

"माझ्या तोंडात गेला. पदराखाली मी घेतला तुझ्या बोटांतून. तिच्या ओठाला लावलास नि मी काढून घेतला. ती नव्हती, चैते. तू ओहळाला गेलीस तवाच गेली ती, मांडीवर. उजाडत होता."

पिल्लं दाणे टिपत होती. खालून रघ्याच्या जीपचा आवाज आला आणि बंद झाला.

"मग तू रडली नाहीस," चैती म्हणाली. हा प्रश्न नव्हता. ती त्या सकाळी परत जाऊन चुलीच्या उजेडात आईचा चेहरा शोधत होती, आणि तो तिथं होता, कोरडा, तिच्या गळ्याकडे बघणारा.

"रडले असते तर सगळा पाडा आला असता. मढा घरात म्हटल्यावर चूल इझवायची. माती दिल्याशिवाय कोणाच्या तोंडात घास नाय, पोरांच्या पण नाय, आपल्यात तसाच हाय. नि माती द्यायला होता कोण? बापे सगळे आवणीला. सांज झाली असती. नायतर दुसरा दिवस." तिनं खालच्या रस्त्याकडे हात केला, जिथून तिचा मुलगा शीळ घालत चढ चढत होता. "तो राहिला असता तवर? त्याच्या डोळ्यांत पाणी पण नव्हता. मी म्हटला, धाकले, जरा थांब. एवढ्या दोघांना खाऊ दे. मग रडते तुला."

चैतीनं आईकडे पाहिलं. म्हातारी, गुडघे वर घेऊन बसलेली, केसांत भुसा. जिनं मेलेलं मूल पदराखाली धरून, एका मुलीला खोटं बोलू दिलं होतं, एका मुलाला विष खाऊ घातलं होतं, आणि स्वतः, मढं मांडीवर असताना, घास गिळला होता. आणि मग तेहेतीस वर्षं नागली पेरली, लावली, कापली. मनात खून हा शब्द होता तिथं आता दुसरा कुठलाच शब्द बसत नव्हता. एकदा लहानपणी ढग हटल्यावर अचानक समोर डोंगर दिसला होता, आपण रोज ज्याच्या पायथ्याशी होतो तो. एवढा, आणि एवढा जवळ. तिला तेव्हा भीतीच वाटली होती.

"हे त्या बाईला नाही सांगितलंस."

"पोरांसाठी लिहिते म्हणाली ना ती. पोरांना काय सांगू, मी मढा घेऊन जेवले?" कोंडीनं सूप उचललं, पण पाखडलं नाही. मांडीवर ठेवलं. दोन्ही हात त्याच्या कडेखाली गेले, सहज, तोल सांभाळायला जातात तसे.

"माझ्याशी तरी बोलायचंस."

"तुला तो घास आठवत असेल असा वाटला नाय. सात वर्षांची पोर. मला वाटला, इसरली." मग ती सुपातल्या दाण्यांकडे बघत बोलली, चैतीशी नाही. "उजाडल्यापासून दुपारपर्यंत धरली तिला. एका हातानं जेवले, एका हातानं ती. एवढी हलकी झाली होती. हात दुखला नाय." तिनं डावा हात उघडून बघितला. "दुखायला पायजे होता गं."